गाठ न मारलेला दोरा

मी एक झेंडा आहे. इमारतीवरचा मोठा झेंडा नव्हे. गाडीच्या नाकावर, बारीक काठीला बांधतात ना, तसला. दोन तळहात शेजारी शेजारी धरले तर त्यांवर मावेन एवढाच जीव. राजदूताची गाडी रस्त्यावरून जाताना लोक आधी मला बघतात, मग आत कोण बसलंय ते बघतात. बघत होते, असं म्हणायला हवं. आता मी कुणाला दिसत नाही.

आमच्या कामात एक नियम असतो. तो आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळायला जड जाणार नाही. राजदूत स्वतः गाडीत असला तरच मी उघडा. तो उतरला, की ड्रायव्हर माझ्यावर गवसणी चढवतो. गवसणी म्हणजे कापडाची लांबट पिशवी, वाद्यावर घालतात तशी. गाडी धुवायला गेली, बाजाराला गेली, दुसऱ्या कुणाला सोडायला गेली, तर मी झाकलेला. आणि पाऊसपाणी असलं, की मला काठीवरून सोडून ड्रायव्हरसमोरच्या कप्प्यात ठेवत. उघडा असलो की मी बघायचो. झाकलेला असलो की ऐकायचो. बघितलेलं पुष्कळ विसरलो. ऐकलेलं मात्र जात नाही.

माझा जन्म एका डोंगरातल्या घरात झाला. घर म्हणजे एकच मोठी खोली. खिडकीजवळ एक पाट, पाटावर एक बाई, आणि बाईच्या मांडीवर मी, अर्धा शिवलेला. ती बाई म्हणजे राजदूताची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. लोकांचे कपडे शिवून शिवून तिची बोटं टोकाला चपटी झाली होती. तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला धाकट्या म्हणायची. डोक्यावर निम्मे केस पिकले तरी धाकट्याच.

त्या दिवशी तो सांगायला आला होता, की सरकारने त्याला राजदूत केलं. त्यांच्या लोकांतला पहिलाच. खाली राजधानीत त्या डोंगरातल्या लोकांना ‘वरचे’ म्हणत. ‘वरचा आहे, पण हुशार आहे,’ असं म्हणत. त्यातला ‘पण’ त्याने शाळेपासून ऐकला होता.

‘ताई, झेंडा मला कचेरीतून मिळतो गं,’ तो म्हणाला. ‘तू कशाला डोळे फोडतेस?’

‘मिळू दे,’ ती म्हणाली. ‘सदरे दुकानात मिळत नव्हते का? मग तेव्हा कुणाचे घालून गेलास शाळेत?’

‘पण हा देशाचा झेंडा आहे.’

‘देश वेगळा आणि आपण वेगळे का? बस खाली. दोरा ओवून दे, मला आता सुईचं नेढं दिसत नाही.’

त्याने राजदूताचे हात पुढे करून दोरा ओवून दिला. तिने माझी कड त्यांच्या टाक्याने दुमडली. तो टाका फक्त त्या लोकांत घालतात. उलट्या बाजूने जातो, सुलट्या बाजूला दिसत नाही, आणि कितीही ओढा, उसवत नाही. सगळी कड घालून झाल्यावर तिने दोरा बोटभर मोकळा सोडला आणि कात्री बाजूला ठेवली. गाठ मारली नाही.

ही त्यांची रीत. घरचा माणूस लांब निघाला, की त्याच्यासाठी शिवलेल्या वस्त्राची शेवटची गाठ मारत नाहीत. तो परत आला, की मारतात. गाठ मारायला तो घरी आलाच पाहिजे, आणि गाठ बांधल्याशिवाय घरातल्या बाईला सुख नाही.

‘लवकर ये,’ ती म्हणाली. ‘मला हा दोरा असा बघवत नाही.’

‘आणि नाहीच आलो तर?’ तो थट्टेने म्हणाला.

ती हसली नाही. ‘आपला बाप चार जणांच्या खांद्यावरून आला होता. आईने तेव्हाही त्याच्या सदऱ्याची गाठ मारली. माणूस कसाही येवो, आला की मारायची. असलं बोलू नये, धाकट्या.’

मग तिने माझी घडी केली आणि त्याच्या खिशात घातली. मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

पहिली नेमणूक झाली ती एका लहानशा देशात. तिथे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिथे उन्हाने माझा रंग थोडा उतरला. दुसरी नेमणूक जरा मोठ्या देशात. तिथे थंडी होती आणि त्याची बायको तिथल्याच दवाखान्यात वारली. मूलबाळ नव्हतं. दवाखान्यातून परत येताना त्याने ड्रायव्हरला मला झाकायला सांगितलं होतं. नियमाला धरून नव्हतं ते. पण त्या दिवशी गाडीत राजदूत नव्हता, नुसता एक नवरा होता.

माणूस कामाचा होता. जास्त बोलायचा नाही. दोन देशांचं काही बिनसलं, की त्याला पाठवत. तो समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. एवढ्यानेच निम्मी भांडणं मिटायची. राजधानीतून मोठी माणसं आली, की फोटोत त्याला मधे उभं करत. ‘बघा, आमच्याकडे सगळ्यांना संधी आहे,’ असं म्हणत. फोटो झाला, की बैठकीत त्याची खुर्ची कडेला असे. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो म्हणायचा, ‘कडेला तर कडेला, खोलीत तर आहे. खोलीत आपलं एक माणूस असावं.’

मग तिसरी नेमणूक आली, या मोठ्या शहरात. इथे सगळ्या देशांची परिषद भरते. मोठमोठे लोक या जागेसाठी झुरतात आणि ही त्याला न मागता मिळाली. त्याला नवल वाटलं. मलाही वाटलं. का मिळाली ते पुढे कळलं. आधी त्याला इथे पाठवलं, आणि मग तिथे डोंगरात फौज पाठवली.

इथला ड्रायव्हर त्याच्याहून वयाने मोठा, इथलाच राहणारा. सगळे त्याला काका म्हणत. काका तोंडाने फटकळ आणि हाताने हळुवार. माझी गवसणी काढताना झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी काढायचे.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एका मोठ्या इमारतीच्या दारात गाडी थांबली. राजदूत उतरला, मागून त्याचा उपदूत उतरला. उपदूत राजधानीचा. उंच, गोरा, कपड्यांचा शौकीन. दारवान सरळ उपदूतापुढे वाकला आणि राजदूताला म्हणाला, ‘तुम्ही ड्रायव्हरबरोबर मागच्या दाराने या.’

उपदूताने ते दुरुस्त केलं, पण थोडं सावकाश केलं. त्या सावकाशीतच काय ते सगळं होतं.

परतताना काका तणतणत होते. ‘साहेब, उद्यापासून झेंडा गाडीला नको, तुमच्या डोक्याला बांधू या. म्हणजे त्या आंधळ्याला दिसेल तरी.’

राजदूत बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला. ‘असू द्या हो काका. माझ्या ताईने शिवलेल्या कापडाला हे लोक रोज सलाम ठोकतात. मला वेगळा कशाला हवा?’

उपदूताला माझा लोंबता दोरा खुपायचा. एकदा खिशातून बारीक कात्री काढून तो माझ्यापाशी आलाच.

‘साहेब, दोरा लोंबतोय. चार लोकांत बरं दिसत नाही. कापून टाकतो.’

‘राहू द्या.’

‘देशाचा झेंडा आहे, साहेब.’

‘म्हणून तर राहू द्या.’

उपदूताने कात्री मिटली. पण त्या दिवसापासून माझ्याकडे बघताना त्याचे डोळे थेट त्या कोपऱ्यावर जायचे. कात्री मिटली म्हणून धार जात नाही, हे मी तेव्हा शिकलो.

मग ताईचा फोन लागेनासा झाला.

आधी त्याने मनावर घेतलं नाही. डोंगरात तारा तुटतात, वारा असतो. रोज सकाळी गाडीत बसला की तो तिला फोन लावायचा. मी समोर फडकत असायचो आणि काचेतून त्याचा चेहरा दिसायचा. फोन कानाला, ओठ मिटलेले. काही दिवसांनी गाव सोडून आलेल्या एकाने त्याला गाठून काहीतरी सांगितलं. त्या दिवशी परतताना त्याने काच खाली घेतली, थंडी असूनही. काकांनी विचारलं, ‘साहेब, बरं नाही का?’

‘काका, वरच्या गावांमधून म्हणे धूर दिसत नाही. चुलींचासुद्धा नाही.’

काकांनी गाडीचा वेग कमी केला.

राजधानीतून कागद आला. परिषदेत प्रश्न निघाला होता. उत्तर तिकडूनच लिहून आलं होतं. डोंगरात शांतता आहे, थोडे गुंड होते, ते पकडले, लोक आनंदात आहेत. राजदूताने फक्त वाचायचं. उपदूत त्याला समजावत होता, ‘हे मी वाचलं तर कोण ऐकणार? तुमच्या तोंडून आलं की लोकांना पटतं. तुम्ही तिथले ना!’

त्याने ते वाचलं. तेव्हा त्याला धड माहिती नव्हती, आणि माहिती नसताना माणूस बऱ्यापैकी आशेवर चालतो. पण त्या दिवशी तो बाहेर आला, तेव्हा काकांकडे न बघताच गाडीत बसला. हात मात्र सारखा रुमालाला पुसत होता.

दुसऱ्या दिवसापासून दूतावासासमोरच्या फुटपाथवर माणसं उभी राहू लागली. वरचीच, इथे शिकायला किंवा कामाला आलेली. घोषणा नाहीत, दगड नाहीत. नुसती उभी. प्रत्येकाच्या बाहीला एक एक मोकळा दोरा टाचलेला. ओरडणाऱ्या गर्दीची भीती वाटते ती वेगळी. ही गप्प माणसं बघितली, की माझ्या कडेचा टाका आखडून यायचा.

एकदा गाडी फाटकाशी अडली, तेव्हा त्यांच्यातली एक बाई पुढे आली. चाळिशीची असेल, हातात कामाची पिशवी. मला वाटलं, ही आता माझ्यावर थुंकणार. ती वाकली. माझी कड तिने दोन बोटांत धरली, उलटून टाका बघितला, आणि मोकळा दोरा हलकेच तळहातावर घेतला.

‘कुणाच्या हातचं आहे हे?’ तिने त्यांच्या बोलीत विचारलं.

राजदूताने काच खाली केली. ‘माझ्या ताईच्या.’

‘मग आधी ताई कुठे आहे ते विचार,’ ती म्हणाली. ‘आणि मग सांग आनंदात कोण आहे ते.’

फाटक उघडलं. गाडी आत गेली. मागे वळून बघणं मला जमत नाही, काठीला बांधलेला असतो ना. पण त्याने बघितलं. काचेत दिसलं मला.

तेव्हापासून त्याने राजधानीकडे एकच धोशा लावला. बहिणीचा आवाज ऐकवा, मग पुढचं बोलू. परिषदेची मोठी बैठक तोंडावर आली होती. सगळं जग बघणार होतं, आणि तो कागद पुन्हा त्याच्याच तोंडून वाचला जायला हवा होता. म्हणून त्यांनी ऐकवला.

पाऊस होता. मी कप्प्यात होतो. उपदूत मागे त्याच्या शेजारी बसला होता. त्याने फोन लावला, कुणाशी तरी अदबीने बोलला, आणि फोन राजदूताच्या हाती दिला.

‘ताई? ताई, मी बोलतोय गं.’

थोडा वेळ नुसती खरखर. मग तिचा आवाज आला. तिचाच होता. पण ती राजधानीच्या भाषेत बोलत होती. जन्मात ती त्याच्याशी त्या भाषेत बोलली नव्हती. बाजारात नडलं तर चार शब्द बोलायची, तेही नाक मुरडून.

‘साहेब, इथे सगळं ठीक आहे,’ ती म्हणाली. पाठ केलेलं म्हणावं तसं. ‘आपण आपलं काम करावं.’

साहेब. ताई त्याला साहेब म्हणाली.

‘ताई,’ तो बोलीतच बोलत राहिला, ‘तांबडी शेळी व्याली का गं? खिडकीची काच बसवलीस का?’

‘सगळं ठीक आहे, साहेब.’

‘एकदा धाकट्या म्हण ना. एकदाच म्हण.’

पलीकडे कुणीतरी खोकलं. पुरुषाचं खोकणं होतं. आणि फोन तुटला.

गाडीत नुसता पावसाचा आवाज. मग उपदूत गोड आवाजात म्हणाला, ‘बघा, सुखरूप आहेत. उगीच काळजी करत होता. बैठकीत एवढं वाचून टाका, की पुढच्याच विमानाने ताई तुमच्याकडे. कागदपत्रं तयारच आहेत, माझा शब्द.’

शेवटी राजदूत म्हणाला, ‘वाचतो.’

एका माणसाला वाचवायला सगळ्या डोंगराबद्दल खोटं बोलायचं. बोलायला सोपं आहे की चूक आहे. पण ती चपटी बोटं माझ्या कडेवरून फिरली आहेत. मी काय बोलू? त्या क्षणी मलाही वाटलं, वाच बाबा. वाच आणि तिला आण.

बैठकीच्या दिवशी सकाळी उपदूताने गाडी मागितली. राजधानीतून एक बडा अधिकारी यायचा होता, त्याला विमानतळावरून आणायचं होतं. काकांनी नेहमीप्रमाणे माझ्यावर गवसणी ठेवून गाडी काढली.

‘झेंडा उघडा,’ उपदूत म्हणाला.

‘राजदूत गाडीत नाहीत ना, साहेब.’

‘मी आहे ना.’

‘तुम्ही आहात, पण…’

‘काका,’ उपदूत हसून म्हणाला, ‘नोकरी आवडते ना तुम्हाला?’

काकांनी माझी गवसणी काढली. मी उघडा झालो आणि रस्ताभर फडकत गेलो. वारा कुणाचं ऐकत नाही आणि मला हात नाहीत. पोलिसांनी सलाम केले. आत उपदूत मधोमध बसला होता, आधीपासून तिथेच बसत असल्यासारखा. येताना शेजारी तो अधिकारी होता. तो म्हणाला, ‘शोभतं तुम्हाला.’ आणि दोघे हसले.

अधिकाऱ्याला उतरवून गाडी राजदूताला घ्यायला घरी आली. तो पायऱ्यांवर उभा होता. अंगात राखाडी कोट, हातात तो कागद. त्याने गाडी फाटकातून आत येताना पाहिली. मला पाहिलं. मी उघडा होतो. मागच्या सीटवरून उपदूत उतरला, घड्याळ बघितलं, ‘मी परिषदेत भेटतो,’ म्हणाला आणि दुसऱ्या गाडीने गेला.

राजदूत पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला. हात लावला नाही. नुसता बघत राहिला.

‘काका, झेंडा उघडा कसा?’

काका खाली बघत म्हणाले, ‘त्यांनी सांगितलं, साहेब. मी नको म्हणत होतो.’

‘तुमचं काही चुकलं नाही.’

त्याला कळलं होतं. या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढंच पुरे. उपदूताने घाई केली होती. चार दिवस धीर धरला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण खुर्चीची हाव वाईट, खुर्ची हातात यायच्या आधीच माणूस टेकून बघतो. राजदूताची जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. आज त्याचं फक्त तोंड हवं होतं, शेवटचं. उद्या ज्याला दारात उभं करणार नाहीत, त्याच्या बहिणीला विमानात कोण बसवणार? कागदपत्रं तयार नव्हती. कधीच नव्हती.

गाडीत तो म्हणाला, ‘काका, माझ्या ताईचा टाका उसवत नाही. मला वाटायचं, मीही तसाच आहे.’

‘तसेच आहात, साहेब.’

‘बघू,’ तो म्हणाला.

परिषदेच्या इमारतीशी तो उतरला आणि काकांनी मला झाकलं. गाड्या उभ्या करायच्या जागी सगळ्या देशांचे ड्रायव्हर जमले होते. भिंतीवर कर्णा होता, आतलं बोलणं तिथे ऐकू यायचं. एरवी तिकडे कुणी लक्ष देत नसे. पत्त्यांचे डाव चालत, साहेबलोकांच्या नकला चालत.

‘काका, तुमचे साहेब आले बघा कर्ण्यावर,’ कुणीतरी म्हणालं. ‘आज काय, शांतताच असेल!’

‘गप्प बस रे,’ काका म्हणाले.

गवसणीच्या अंधारात मी ऐकत होतो. त्याने घसा साफ केला. कागदाचा आवाज आला, उलगडल्याचा नव्हे, परत घडी केल्याचा. आणि तो बोलू लागला, त्यांच्या डोंगरातल्या बोलीत.

ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले असावेत, कारण पत्ते पडल्याचा आवाज थांबला. आत दुभाष्ये बसतात, सगळ्या भाषा इकडून तिकडे करतात. ती बोली त्यांतल्या कुणालाच येत नव्हती. एवढ्या मोठ्या सभेत नुसता त्याचा आवाज आणि बाकी शुकशुकाट. समजणारे आम्हीच असू, मी आणि फुटपाथवरची माणसं कुठे ऐकत असतील तर ती.

तो म्हणाला, ‘ताई, मी धाकट्या. तू बोललीस ते तुझं नव्हतं, आणि मागे मी बोललो ते माझं नव्हतं. आता माझं बोलतो.’

मग तो सगळ्यांना समजेल त्या भाषेत बोलला. गावांची नावं घेतली, एकेक, खालच्या ओढ्यापासून वरच्या खिंडीपर्यंत. कुठल्या गावातून चुलीचा धूर येत नाही ते सांगितलं. फोनवर त्याची बहीण त्याला काय म्हणाली ते सांगितलं, आणि पलीकडे कोण खोकलं तेही. आवाज एकदाही चढला नाही. मधेच कर्णा बंद पडला, की कुणी पाडला, ठाऊक नाही.

कुणीच नकला केल्या नाहीत. एक ड्रायव्हर म्हणाला, ‘गेला हा माणूस.’

काकांचा फोन वाजला. काका नुसतं ‘हो’, ‘हो’ म्हणत होते. हुकूम होता, की झेंडा काढा, गाडी ताबडतोब परत आणा, त्या माणसाला गाडीत घ्यायचं नाही.

तो बाहेर आला तेव्हा एकटा होता, हे मला काकांच्या तोंडून मागाहून कळलं. आतून येताना लोक त्याच्यासाठी वाट सोडत होते. मान देऊन सोडतात ती वाट वेगळी, लागण होईल म्हणून सोडतात ती वेगळी. इथे दोन्ही होत्या. या देशाचे दोन अधिकारी त्याच्याशी हळू आवाजात बोलले. इथे राहा म्हणाले, सोय करू म्हणाले. त्याने हात जोडले आणि गाडीपाशी आला.

‘तुम्हाला फोन आला असेल, काका.’

काका पुढे आले आणि त्यांनी माझी गवसणी काढली.

‘काका, नोकरी जाईल.’

‘गाडीत साहेब असले की झेंडा उघडा. मला एवढंच शिकवलंय,’ काका म्हणाले. ‘बसा. कुठे जायचं?’

‘विमानतळावर.’

काकांनी गाडी चालू केली आणि परत बंद केली. ‘साहेब, वेडेपणा करू नका. हे लोक ठेवून घेतायत ना तुम्हाला? तिकडे गेलात तर…’

‘मी इथे असेपर्यंत ताई त्यांच्या कामाची आहे. तिला धरून ठेवतील आणि मला बोलायला लावतील. मी त्यांच्या हाती लागलो, की तिचं काम संपलं. म्हाताऱ्या शिंपिणीला ठेवून कोण काय करणार? सोडतील.’

‘आणि तुम्हाला?’

‘तिला माझी एक गाठ मारायची आहे,’ तो म्हणाला. ‘चला.’

त्या दिवशी मी जसा फडकलो तसा कधी फडकलो नाही. वाटेत फुटपाथवरची माणसं दिसली. ती बाईही होती. तिने हात वर केला नाही, नुसती बाहीचा दोरा धरून उभी राहिली.

विमानतळावर त्याने स्वतःच्या हाताने मला काठीवरून सोडलं. माझी घडी केली, ताईने केली होती तशीच, आणि काकांच्या खिशात घातली.

‘याला तिथे नेला तर काढून घेतील आणि दोरा कापतील. तुमच्यापाशी असू द्या.’

काकांनी त्याच्या राखाडी कोटाची कॉलर नीट केली. मग तो आत गेला. खिशातून मला त्याची पावलं ऐकू आली, इतर पावलांत मिसळेपर्यंत.

नंतर काकांची नोकरी गेली. आता ते भाड्याची गाडी चालवतात. मी त्या गाडीच्या कप्प्यात असतो, जुन्या गवसणीत. कधी कुणी गिऱ्हाईक सुटे पैसे शोधताना कप्पा उघडतं आणि विचारतं, ‘हे काय हो?’ काका म्हणतात, ‘साहेबांचं आहे,’ आणि कप्पा लावतात.

तिकडची काही बातमी नव्हती. राजदूत आजारी आहे, असं एकदा छापून आलं. मग तेही आलं नाही. दूतावासाच्या गाडीवर नवा झेंडा आहे. कचेरीतून मिळालेला, दोरा लोंबत नाही.

मागच्या थंडीत ती बाई काकांच्या गाडीत येऊन बसली. जायचं कुठेच नव्हतं तिला. तिने मला बघायला मागितलं, तेव्हा काकांनी मला कप्प्यातून आणि गवसणीतून बाहेर काढलं. पिशवीतून तिने एक छोटं पुडकं काढलं. चिठ्ठी नाही, काही नाही. या हातातून त्या हातात करत डोंगरातून इथवर आलं होतं. आत एक नवी गवसणी होती, माझ्या मापाची. राखाडी कापडाची.

काकांनी कापड बोटांनी चाचपलं. कॉलर नीट करताना याच कापडाला त्यांचा हात लागला होता.

‘हा साहेबांचा कोट आहे,’ ते म्हणाले.

बाईने गवसणी उलटून आतली बाजू दाखवली. ताईचा टाका. बारीक, सरळ, न चुकलेला. म्हणजे ताई होती. तिला सोडलं होतं, आणि ती तिच्या खिडकीपाशी बसून शिवत होती. आणि टाक्याच्या शेवटी दोरा मोकळा नव्हता. गाठ होती. घट्ट, दोनदा मारलेली.

‘गाठ मारलीय!’ काका म्हणाले. ती रीत त्यांना साहेबांनीच कधीतरी सांगितली होती. ‘म्हणजे साहेब घरी आले. आले ना?’

बाईने गाठीवरून अंगठा फिरवला.

‘आले,’ ती म्हणाली. ‘चालत आले की आणले, ते गाठ सांगत नाही.’

काकांनी मला नव्या गवसणीत घातलं. त्या कोटात आधी एक माणूस असायचा, आता मी आहे. आत ऊब आहे. पण ऊब लोकरीची, अंगाची नव्हे, एवढं मला कळतं.

मी आता जुना झालो. काका थकले. उद्या त्यांच्यामागे हा कप्पा कुणीतरी उघडेल, मी कुणाच्या तरी हाती लागेन. तुमच्याही लागेन कदाचित. मला रस्त्यावर मिरवू नका आणि काचेच्या पेटीत ठेवू नका. माझ्या कोपऱ्यात बोटभर दोरा लोंबताना दिसेल, चांगला दिसणार नाही, कात्री घ्यावीशी वाटेल. तेवढी घेऊ नका. कोटाची गाठ ताईने मारली आहे. माझी अजून मारायची आहे, आणि ती मारायला मला तिच्या मांडीवर जायचं आहे.